बंधुसंघाचे प्रवेशमूल्य

विद्यार्थ्यांनी आपसांत मंडळ्या कराव्यात की नाही, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगा नाही. घरापासून दूर राहणारी चार मुले एका छपराखाली आली की त्यांची मंडळी ही होणारच. कोणी तिला परवानगी देवो अथवा न देवो. सांप्रत मावळ तालुक्यात हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. लोणावळ्याजवळ व तळेगावास अभियांत्रिकीची व इतर विषयांची महाविद्यालये निघाल्यापासून विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि परप्रांत येथून मुले-मुली या डोंगरांच्या कुशीत चार-चार वर्षे राहावयास येतात. पावसाळ्यात धुके उतरले म्हणजे समोरची इमारत दिसत नाही. घरचे माणूस शेकडो मैलांवर असते आणि खोलीतले सोबती कालपर्यंत अनोळखी असतात. अशा वेळी जो हात पुढे करील तो भाऊ वाटतो. त्या हाताची किंमत काय, हे विचारण्याचे भान त्या वयात नसते. ते भान वडीलधाऱ्यांनी राखावयाचे, म्हणून हा विषय येथे चर्चेस घेण्याचे आम्ही योजिले आहे.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा वाद अमेरिकेत चालू आहे. तेथील विद्यार्थ्यांचे बंधुसंघ, ज्यांस 'फ्रॅटर्निटी' म्हणतात, ते त्या राष्ट्राइतकेच जुने आहेत. १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात पाच विद्यार्थ्यांनी 'फाय बीटा कप्पा' हा पहिला ग्रीक अक्षरी संघ काढला; त्यास शपथ होती, गुप्त खूण होती. पुढे १८३१ च्या सुमारास त्याने गुप्तता टाकिली व तो विद्वानांच्या गौरवाची संस्था बनला. परंतु १८२५ नंतर निघालेल्या इतर संघांनी गुप्तता, स्वतंत्र घरे व दीक्षाविधी हीच आपली ओळख केली. मुलांच्या संघांत मुलींस जागा नव्हती. तेव्हा १८७० च्या आसपास मुलींनी आपले भगिनीसंघ काढिले. त्यांस 'सोरोरिटी' हे नाव मिळाले.

या संघांचे समर्थक सांगतात की, हजारोंच्या विद्यापीठात एकट्या पडलेल्या मुलास तेथे घर मिळते, जन्माचे स्नेही मिळतात, दानधर्माची व संघटनेची सवय लागते. विरोधक सांगतात की, तेथे धनिकांची मुले धनिकांस निवडतात, मद्य वाहते, व नवागताच्या दीक्षेत त्याचा छळ होतो. पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठात २०१७ साली दीक्षेच्या रात्री बळेच पाजलेल्या मद्याने एक १९ वर्षांचा मुलगा प्राणास मुकला. विल्यम्स महाविद्यालयाने १९६२ पासून हे संघ बंद करण्यास आरंभ केला. हार्वर्डने २०१६ साली एकलिंगी मंडळांच्या सभासदांवर निर्बंध घातले, पण न्यायालयीन कलहानंतर २०२० साली ते मागे घेतले. २०२४ च्या अखेरीस तेथे असा राष्ट्रीय कायदा झाला की, महाविद्यालयांनी अशा छळाच्या प्रकारांची नोंद लोकांपुढे ठेविली पाहिजे.

दोन्ही पक्षांचे म्हणणे वाचून आमचे समाधान होत नाही. एक पक्ष संघातून बाहेर पडताना सभासद काय घेऊन जातो ते मोजतो. दुसरा पक्ष अपघात मोजतो. पण कोणत्याही मंडळीचा स्वभाव तिच्या उंबरठ्यावर कळतो. नवागताकडून ती आत येण्याचे मूल्य म्हणून काय घेते? आणि ते मूल्य कोणाच्या चरणी वाहिले जाते? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे ती मंडळी ठेवावी की मोडावी, याचा निर्णय करण्यास फारसे कठीण जात नाही.

छळाचे मूल्य घेणाऱ्या मंडळ्या टिकतात कशा, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. १९५९ साली अमेरिकेतील ॲरन्सन व मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन मुलींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चामंडळात प्रवेश देण्यापूर्वी काही मुलींस लाजिरवाणे शब्द परक्यासमोर मोठ्याने वाचावयास लाविले, काहींस सौम्य परीक्षा दिली, काहींस काहीच नाही. नंतर सर्वांस त्या मंडळातील अत्यंत कंटाळवाणी चर्चा ऐकविली. जिला सर्वांत अधिक ओशाळावे लागले होते तिला तीच चर्चा सर्वांत अधिक रसभरित वाटली. मनुष्यास आपण सोसलेले फुकट गेले असे मानवत नाही. म्हणून तो मिळालेल्या वस्तूचा भाव चढवितो. वसतिगृहात पहिल्या वर्षी अपमान गिळलेला मुलगा दुसऱ्या वर्षी त्याच अपमानाचा कैवारी का बनतो, याचा उलगडा येथे होतो. त्याला मंडळीकडून दुसरे काही मिळालेले नसते. एक येणे मात्र पदरी पडलेले असते, आणि ते पुढच्या तुकडीकडून वसूल करणे हाच त्याचा बंधुभाव होतो.

आपल्याकडे ग्रीक अक्षरांचे संघ नाहीत; पण वडील तुकडीने धाकट्या तुकडीकडून असे मूल्य घेण्याची रीत आहे, व तिला 'रॅगिंग' हे इंग्रजी नावच रूढ झाले आहे. महाराष्ट्राने १९९९ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. अपराध सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, महाविद्यालयातून काढून टाकणे आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही, इतकी कडक शिक्षा त्यात आहे. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर नियम लागू केले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक या दोघांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते. हा कायदा हवाच होता. तथापि कायदा वाईट मंडळी मोडू शकतो, चांगली मंडळी घडवू शकत नाही. धुक्यातल्या त्या खोलीतील एकटेपण प्रतिज्ञापत्राने जात नाही.

आमच्या कादंबरीने या एकटेपणाकडे दोन तऱ्हांनी पाहिले आहे. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ साली आली व २०१३ साली तिचा चित्रपट झाला, तेव्हा ती नव्या पिढीच्याही तोंडी झाली. पुण्याच्या एस. पी. महाविद्यालयाचा कट्टा हे तिचे खरे घर. घरात जिव्हाळ्यास पारखा झालेला श्रेयस त्या कट्ट्यावर दिग्याच्या टोळीत सामील होतो आणि तेथे त्यास जीव देणारे मित्र लाभतात. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' त्याआधीची, १९६३ सालची. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग पुण्याच्या वसतिगृहात येतो, संमेलनाचा व खानावळीचा कारभार अंगावर घेतो, मित्रांच्या घोळक्यात बापाचा पैसा आणि आपली वर्षे घालवितो, व शेवटी रिकामा होऊन गावी परततो.

'दुनियादारी'चा गोडवा आम्ही नाकारीत नाही. ज्यांनी तरुणपणी कट्टा अनुभवला आहे त्यांस तिच्यात आपला चेहरा दिसतो, आणि तो खोटा नाही. परंतु त्या कट्ट्याची निष्ठा बहुतांशी दुसऱ्या टोळीच्या वैरावर पोसलेली आहे. साईचा गट समोर नसता तर दिग्याच्या मित्रांस एकत्र राहण्याचे निमित्त काय उरले असते, हे कादंबरी विचारीत नाही. 'कोसला' नेमके तेच विचारते. पांडुरंगास कोणी छळले नाही, कोणी शपथ घातली नाही. तरी ज्या मंडळीला कार्य नाही ती सभासदाचे काय करते, हे त्या पुस्तकाने निष्ठुरपणे दाखविले आहे. पहिली कादंबरी अधिक लोकप्रिय असेल. या प्रश्नापुरती दुसरी अधिक सत्य आहे. पण तीही निदानापाशी थांबते. वैर किंवा रितेपण यांवाचून तिसऱ्या तऱ्हेची मंडळी महाराष्ट्रात कधी झालीच नाही काय? झाली, आणि तिचा सर्वांत जुना पुरावा याच मावळात दगडात कोरलेला आहे.

भाजे व कार्ले येथील लेणी पाहावयास लोणावळ्याचे प्रवासी जातात, चैत्यगृहाची भव्यता पाहून थक्क होतात आणि शेजारच्या लहान खोल्यांकडे फारसे न पाहता खाली उतरतात. त्या खोल्या म्हणजे वसतिगृह होते. भाज्याचे सर्वांत जुने काम ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील मानितात. दगडी ओट्याची शय्या, एक दार, आणि मध्ये सामाईक अंगण. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एकत्र राहावयाचे. कार्ल्याच्या चैत्यातील लेखांत दाते म्हणून वैजयंतीच्या श्रेष्ठीचे नाव आहे, तसेच सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे आणि धेनुकाकट येथील यवनांचेही आहे. अशा संघांचे आचारनियम विनयग्रंथांत सांगितलेले असून, धर्मानंद कोसंबींनी 'बौद्धसंघाचा परिचय' या पुस्तकात त्यांची माहिती मराठी वाचकांस करून दिली आहे.

या संघातही ज्येष्ठ-कनिष्ठ भेद होता आणि तो कडक होता. ज्याची दीक्षा आधी, त्याचे आसन वर. परंतु दीक्षा देणाऱ्या उपाध्यायाने शिष्यास पुत्राप्रमाणे मानावे, त्यास पात्र-चीवर नसेल तर मिळवून द्यावे, तो आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करावी, असे ज्येष्ठाचे कर्तव्य त्याच नियमांत लिहिलेले आहे. म्हणजे ज्येष्ठत्वाचा मान आणि कनिष्ठाचा भार हे एकाच खांद्यावर होते. आजच्या वसतिगृहांत मान तेवढा उरला आणि भार गळून पडला, हे आमचे खरे दुखणे आहे.

पाली विनयपिटकातील एक कथा तर या विषयावर दिव्याप्रमाणे प्रकाश टाकते. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी शाक्य राजपुत्र संघात येण्यास निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली हाही होता. राजपुत्रांनी बुद्धांस विनंती केली की, आम्ही शाक्य मोठे गर्विष्ठ. तेव्हा या आमच्या सेवकास आधी दीक्षा द्यावी, म्हणजे तो आम्हांस ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू, आणि आमचा कुलाभिमान उतरेल. तसेच झाले. येथेही दीक्षेचे मूल्य होते व ते हलके नव्हते. पण ते वरच्याने खालच्याकडून घेतले नाही. वरच्याने खालच्यास दिले. नवागतास वाकविणाऱ्या आजच्या दीक्षेची आणि या दीक्षेची दिशाच उलट आहे. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, हाच संघ स्त्रियांच्या बाबतीत या उंचीवर टिकला नाही. शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही त्या दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूस वंदन करावे, असा नियम त्यात आला. न्हाव्यापुढे राजपुत्रास वाकविणाऱ्यांस भगिनीपुढे भावाला वाकविता आले नाही.

अर्वाचीन काळी या दुसऱ्या प्रकारच्या दीक्षेचा प्रयोग मुंबईत झाला. १८४९ साली दादोबा पांडुरंग व त्यांच्या स्नेह्यांनी परमहंस सभा काढिली. नव्या इंग्रजी विद्येत वाढलेले तरुण तिच्यात होते. सभा गुप्त होती, आणि सभासदास ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा लागे व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. आज यात काही वाटत नाही. त्या काळी जातीतून बहिष्कृत होण्यास एवढे पुरत होते. हे मूल्यही शाक्यांसारखेच, आपल्या उच्चतेतून भरावयाचे होते. दोष दुसरीकडे होता. ते गुपचूप भरावयाचे होते. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे उघडी पडण्याची भीती पसरली आणि सभा विरून गेली. तिच्यातील काही मंडळींनी १८६७ साली प्रार्थना समाज उघडपणे स्थापिला, एवढे तिचे पुण्य खरे. याच्याशी दुसऱ्या एका संस्थेची तुलना करावी. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तिला शपथ नव्हती, गुपित नव्हते. पण पुढच्याच वर्षी त्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढून स्वतः शिकवावयास आरंभ केला. एकाच शहरात, एकाच वर्षाच्या अंतराने, साधारण त्याच वर्गातील तरुणांनी काढलेल्या या दोन मंडळ्या. एकीचे धैर्य बंद दाराआड राहिले, दुसरीचे मुलींच्या पाटीवर उमटले.

येथे कोणी म्हणेल की, ज्यांस मंडळीच नाही त्यांनी काय करावे? हा आक्षेप महत्त्वाचा आहे. दार बंद असलेल्यांनी आपले वेगळे दार उघडले तर त्यास आम्ही पंक्तिभेद म्हणणार नाही. १९०६ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात, गोऱ्यांच्या संघांपासून दूर राहिलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' हा आपला बंधुसंघ काढिला. त्याच वर्षी आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याच विद्यापीठात शिकावयास गेले आणि तेथे असतानाच त्यांनी जातिसंस्थेच्या इतिहासावरील आपला इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला. हा योगायोग असेल, पण विचार करावयास लावणारा आहे. इकडे कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला. ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांच्या मुलांस शहरात डोके टेकावयास जागा मिळाली. जातीच्या नावाची ही वसतिगृहे जात मोडण्याच्या वाटेवरची पायरी होती.

परंतु पायरीवर कायमचे बिऱ्हाड केले की तीच भिंत होते. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि त्यांस वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत, आपले अन्न आपण रांधीत आणि श्रम करून शिकत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथील प्रवेशमूल्य म्हणजे सर्वांसाठी भाकरी थापणे. हे मूल्य भरताना कोणाची मान खाली गेली नाही, आणि पुढच्या तुकडीकडून ते सूडाने वसूल करण्याचे कारणही कोणास राहिले नाही.

भगिनीसंघाचे उदाहरण हवे असल्यास तेही दूर नाही. हिंगण्याच्या आश्रमाचे कार्य चालविण्यासाठी अण्णासाहेब कर्वे यांनी १९०८ साली निष्काम कर्ममठ स्थापिला. त्यात स्त्रियांनीही शपथ घेतली. पण ती गुपित राखण्याची नव्हती, आयुष्य स्त्रीशिक्षणास वाहण्याची होती. विधवेस घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसविणाऱ्या काळात त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या. अमेरिकन भगिनीसंघांचा आरंभही मुलींस एकाकी न पाडण्याच्या हेतूनेच झाला होता, हे आम्हांस मान्य आहे. पण आधार कशासाठी, हा प्रश्न हिंगण्यास कधी विचारावा लागला नाही.

आता महाविद्यालयांच्या चालकांकडे वळू. त्यांची प्रवृत्ती मंडळीच नको अशी असते. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीऐवजी गुणांवर नेमणूक आली. निवडणुकांतील हिंसा पाहता ते समजण्याजोगे होते. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली आहे. आमचे म्हणणे इतकेच की, उघड मंडळ्या बंद केल्याने मंडळ्या बंद होत नाहीत. त्या जिल्ह्यांच्या, भाषांच्या व जातींच्या नावाने खोल्यांच्या आत जातात, आणि तेथे त्यांस विचारणारा कोणी नसतो. त्याऐवजी लोणावळ्यातील 'शिवदुर्ग मित्र' या गिर्यारोहकांच्या मंडळाकडे पाहावे. लोहगड-राजमाचीच्या परिसरात वाट चुकलेल्या, दरीत अडकलेल्या लोकांस सोडवावयास ही तरुण माणसे रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात. दोराच्या एका टोकास आपण व दुसऱ्या टोकास सोबती असताना कोण कोणत्या जातीचा वा जिल्ह्याचा, हे विचारावयास सवड नसते. अशा कार्यात जे बंधुत्व येते त्यास वेगळ्या दीक्षेची गरज लागत नाही.

यास्तव आमचे मत असे की, विद्यार्थ्यांच्या मंडळ्या असाव्यात, उघड असाव्यात, आणि त्यांच्या उंबरठ्यावर तीन गोष्टी तपासाव्यात: नवागताचे प्रवेशमूल्य श्रम आहे की अपमान, दार सर्वांस खुले आहे की नाही, आणि नसल्यास ते बंद करणारे पूर्वी स्वतः बाहेर ठेवले गेलेले आहेत की नेहमीच आत असलेले, आणि ज्येष्ठावर कनिष्ठाचा काही भार आहे की नाही. चालकांनी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामागे एक वडील विद्यार्थी जबाबदार नेमावा, आणि मुलगा आजारी पडला वा नापास झाला तर त्या वडील विद्यार्थ्यास प्रथम विचारावे. खोल्या वाटताना जिल्हा व आडनाव पाहू नये.

शेवटचा शब्द आमच्या वर्गातील आईबापांस. मुलास वसतिगृहात पोहोचविताना आपण अधीक्षकाच्या कानाशी लागून हळूच सांगतो की, खोलीत आपल्यातलीच मुले द्या हो. त्या एका वाक्याने आपण मुलाच्या पहिल्या मंडळीचा पाया घालतो, आणि पुढे ती मंडळी कोणाला बाहेर ठेवील हे तेथेच ठरते. प्रतिज्ञापत्रावर सही करणे सोपे आहे. ते वाक्य न उच्चारणे कठीण आहे. पण आमच्या मते पालकांनी भरावयाचे प्रवेशमूल्य तेच आहे.